सेंद्रिय धान्याची साक्ष कोणाची ?

दसऱ्याच्या दिवशीं आपण ज्यास सोनें म्हणून लुटतों, तें पान आपट्याचें असावें असा आपला संकेत आहे. परंतु त्या दिवशीं शहरांतल्या बाजारांत ज्या जुड्या विकावयास येतात, त्यांतल्या पुष्कळशा कांचनाच्या पानांच्या असतात. दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं; दोहोंच्याही पानास मध्यें खांच असते; कांचनाचें पान तेवढें आकारानें मोठें. विकणारा आपटा म्हणून देतो, घेणारा आपटा म्हणून घेतो, आणि संध्याकाळीं वडिलांच्या पायांवर डोकें ठेवतांना तें पान सोनेंच ठरतें. यांत कोणाचें मोठेंसें नुकसान नाहीं. परंतु हाच प्रकार रोजच्या अन्नाच्या बाबतींत होऊं लागला, तर तो इतक्या सहजपणें सोडून देतां येणार नाहीं.

अलीकडे आमच्या वाचक कुटुंबांपैकीं पुष्कळांच्या घरीं तांदूळ, डाळ, गूळ, हळद इत्यादि जिन्नस 'सेंद्रिय' म्हणून चढ्या भावानें येऊं लागले आहेत. रासायनिक खतें व कीटकनाशकें न वापरतां पिकविलेलें धान्य घरांतील लहान मुलांस व वृद्धांस मिळावें, ही इच्छा रास्तच आहे. अडचण आहे ती ओळखण्याची. आंबा पिकला आहे कीं नाहीं हें वासानें कळतें; तांदूळ जुना कीं नवा हें शिजविल्यावर कळतें; परंतु तो तांदूळ युरियावर पोसला कीं शेणखतावर, हें डोळ्यांस, नाकास किंवा जिभेस मुळींच कळत नाहीं. म्हणून येथें साक्षीची गरज पडते. ही साक्ष कोणाची घ्यावी, तिला खर्च किती, आणि दोन-चार एकरांच्या शेतकऱ्यास ती परवडते कीं काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. खोट्या मालानें फसणारे गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांसमोर असतें. परंतु त्याहूनही अधिक नुकसान सोसणारा, म्हणजे खरा माल पिकवूनही तो खरा आहे हें सिद्ध करूं न शकणारा शेतकरी, आपल्या दृष्टीआड राहतो.

आपट्याचा मुलूख

दसऱ्याच्या त्या झाडाचें नांव धारण करणारा गांव पनवेल तालुक्यांत पाताळगंगेच्या कांठीं आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आपटा हें स्टेशन अनेकांस चित्रपटांतून पाहून ठाऊक असेल. जवळच कर्नाळ्याचा किल्ला व त्याच्या पायथ्याचें पक्ष्यांचें अभयारण्य आहे. या बाजूची शेती कोंकणांतील इतर भागांसारखीच : पावसाळ्यांत भात, भात निघाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल, बांधावर तूर, आणि घराभोवतीं आंब्याचीं चार झाडें. वालाच्या डाळिंब्यांची उसळ ज्यांच्या घरीं आवडीनें होते, त्यांना या ओलीवरच्या वालांची चव सांगावयास नको. जमिनीचे तुकडे मात्र लहान. एकाच्या नांवावर दोन एकर असले तरी ते दोन एकर सलग असतीलच असें नाहीं.

याच नदीच्या वरच्या अंगास, आपट्यापासून थोड्याच अंतरावर रसायनी आहे. तेथें १९६० सालीं स्थापन झालेल्या 'हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स' या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि 'हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स' या दुसऱ्या सरकारी कंपनीनेंही तेथें कीटकनाशकें तयार केलीं. पहिल्या कंपनीचे तेथील बहुतेक कारखाने बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१७ सालीं घेतला. आम्हांस येथें त्या कारखान्यांविषयीं कांहीं म्हणावयाचें नसून केवळ शब्दाकडे लक्ष वेधावयाचें आहे. रसायनशास्त्रांत कर्बाच्या संयुगांस सेंद्रिय म्हणतात. त्या अर्थानें कित्येक कीटकनाशकेंही 'सेंद्रिय'च होत. शेतीमध्यें मात्र याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट होतो. नदीच्या वरच्या अंगास ज्या शब्दाचा अर्थ एक, तोच खालच्या अंगास दुसरा. यावरून नुसत्या शब्दावर भिस्त ठेवून चालणार नाहीं, त्या शब्दामागें कोणता नियम आणि कोणाची जबाबदारी उभी आहे हें पाहिलें पाहिजे, इतकें वाचकांच्या ध्यानांत येईल.

दाखल्याची कल्पना आली कोठून ?

सेंद्रिय शेती ही परदेशाहून आलेली नवी टूम आहे, अशी कांहींची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञानें १९२४ ते १९३१ या काळांत होळकरांच्या इंदुरांत राहून शेण, पालापाचोळा व काडीकचरा यांपासून उत्तम खत करण्याची जी रीत बसविली, ती 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली, आणि पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय चळवळीच्या पायाचा तो एक मोठा दगड ठरला. महाराष्ट्रांत पुढें श्रीपाद दाभोळकर यांनीं 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें शेतकऱ्यांस आपल्याच शेतांत प्रयोग करण्याची गोडी लावली. आणि विदर्भांतील सुभाष पाळेकर यांनीं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व बांधावरची मूठभर माती पाण्यांत आंबवून होणाऱ्या 'जीवामृता'चा प्रसार केला. त्यांस २०१६ सालीं 'पद्मश्री' मिळाली.

विद्या येथली असली तरी दाखला मात्र बाहेरून आला. पिकविणारा व खाणारा एकाच गांवांत असेपर्यंत कागदाची गरज नव्हती. दोहोंमध्यें समुद्र पडला तेव्हां ती उत्पन्न झाली. जर्मनींत १९२८ सालीं 'डेमेटर' ही खूण सुरू झाली. इंग्लंडांत १९४६ सालीं 'सॉइल असोसिएशन' ही संस्था निघाली. १९७२ सालीं निरनिराळ्या देशांतील संस्थांचा महासंघ झाला. १९९१ सालीं युरोपनें यासंबंधीं नियम केले. आणि अमेरिकेंत १९९० सालीं झालेल्या कायद्याचे नियम २००२ सालीं अंमलांत आले. या देशांस माल पाठवावयाचा तर त्यांस पटेल असा दाखला हवा, म्हणून भारत सरकारनें २००० सालीं 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम' सुरू केला. तो कृषि खात्याकडे नसून वाणिज्य खात्याकडे, म्हणजे 'अपेडा' या निर्यातीच्या संस्थेकडे आहे. ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे त्या दाखल्याचे गुण आणि लहान शेतकऱ्यास जाणवणाऱ्या त्याच्या अडचणी, दोहोंचाही उलगडा होतो. तो मूळ बांधला गेला तो बर्लिनच्या गिऱ्हाइकाकरितां. पनवेलच्या गिऱ्हाइकाकरितां नव्हे.

तिऱ्हाइताची साक्ष

या पहिल्या प्रकारांत शेतकरी व गिऱ्हाईक या दोघांशींही ज्याचा संबंध नाहीं असा तिसरा पक्ष साक्ष देतो. सरकारनें मान्यता दिलेल्या प्रमाणीकरण संस्थांपैकीं एकीकडे शेतकऱ्यानें नोंदणी करावयाची. जमिनीचा सातबारा व नकाशा, मागील पिकांचा इतिहास आणि पुढील योजना सादर करावयाची. आणि मग संस्थेचा निरीक्षक येऊन शेत, गोठा, कोठार व वह्या तपासतो. हंगामी पिकांस पेरणीपूर्वीं दोन वर्षें व आंब्यासारख्या बहुवार्षिक झाडांस पहिल्या तोडीपूर्वीं तीन वर्षें हा सर्वसाधारण 'रूपांतराचा काळ' धरला आहे. या काळांत नियम सर्व पाळावयाचे, परंतु माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकतां येत नाहीं. दाखला एकदां मिळाला म्हणजे कायमचा झाला असेंही नाहीं. दरवर्षीं तपासणी होऊन तो नवा करून घ्यावा लागतो. अशा मालावर 'इंडिया ऑर्गॅनिक' ही खूण लावतां येते व तो परदेशींही जाऊं शकतो.

आतां आपट्याच्या बाजूचा दोन एकरांचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणूं. निरीक्षकाचा दिवसाचा मेहनताना व प्रवासखर्च शेत दोन एकरांचें असो वा दोनशें एकरांचें, फारसा बदलत नाहीं. त्यामुळें मोठ्या बागायतदारास जो खर्च किरकोळ, तोच लहान शेतकऱ्याच्या सगळ्या नफ्याचा घांस घेतो. यावर तोड म्हणून शेतकऱ्यांच्या गटास मिळून एक दाखला देण्याची सोय आहे. पंचवीसपासून पांचशेंपर्यंत शेतकरी एकत्र येतात, आपसांत अंतर्गत तपासणीची व्यवस्था ठेवतात, आणि बाहेरचा निरीक्षक त्या व्यवस्थेची व निवडक शेतांची परीक्षा करतो. जानेवारी २०२५ मध्यें या कार्यक्रमाची आठवी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत अशा गटांस कायदेशीर संस्थेचें स्वरूप असावें यावर भर दिलेला आहे. ही सुधारणा योग्य आहे, कारण पूर्वीं कित्येक ठिकाणीं दाखला शेतकऱ्यांच्या नांवें असला तरी सूत्रें व्यापाऱ्याच्या हातीं राहत, आणि शेतकऱ्यानें दुसऱ्यास माल विकावयाचें म्हटलें तर दाखला त्याच्याबरोबर जात नसे.

कोंकणांतील शेताची म्हणून आणखी कांहीं कोडीं आहेत. आमच्याकडील भाताचीं खाचरें उतारावर एकाखालीं एक अशीं असतात, आणि पाणी वरच्या खाचरांतून खालच्या खाचरांत बांध फोडून उतरतें. वरच्यानें युरिया टाकला कीं त्याचा अंश खालच्याच्या शेतांत न बोलावतां येतो. नियमांप्रमाणें शेजारच्या शेतापासून संरक्षक पट्टा सोडावयास हवा. परंतु वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत पट्टा सोडल्यावर शेत उरतें किती? नदीचें पाणी उपसून घेतलें तर वरच्या अंगाच्या कारखान्यांची चौकशी आलीच. बियाणें रासायनिक पूट न दिलेलें हवें. बाहेरून विकत आणलेल्या शेणखताचाही उगम दाखवावा लागतो.

कृषि खात्यानें कोंकणांत अनेक वर्षें शिकविलेल्या 'चारसूत्री' भातशेतीचेंच उदाहरण घ्या. भाताचा पेंढा व तुसाची राख यांचा वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें आणि ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी, हीं तीन सूत्रें सेंद्रिय शेतकऱ्यास जशींच्या तशीं चालतात. चौथें सूत्र मात्र युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांच्या गोळ्या चार रोपांच्या मध्यें खोंचण्याचें आहे. तेवढें एक पाळलें कीं दाखला गेला. म्हणजे काल ज्या शेतकऱ्यास सरकारी अधिकाऱ्यानें गोळी खोंचल्याबद्दल शाबासकी दिली, त्यालाच आज दुसरा सरकारी कार्यक्रम ती गोळी सोडावयास सांगतो. अशा वेळीं तो गोंधळला तर त्यास अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल.

शेजाऱ्याची साक्ष

दुसरी पद्धति याहून साधी आहे. तीस 'सहभागी हमी पद्धति' किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून पी. जी. एस. म्हणतात. ब्राझील व फ्रान्स अशा देशांतील लहान शेतकऱ्यांनीं तिचे प्रयोग पूर्वींच केले होते. भारतांत २००६ सालीं गोव्यांत झालेल्या कार्यशाळेंत तिची चर्चा झाली, आणि पुढें केंद्रीय कृषि खात्यानें ती 'पी. जी. एस. इंडिया' या नांवानें चालविली. गाझियाबाद येथील राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राकडे तिचें काम आहे.

हिच्यांत बाहेरचा निरीक्षक नसतो. एका गांवांतील किंवा जवळच्या गांवांतील निदान पांच शेतकऱ्यांनीं गट करावयाचा, नियम पाळण्याची शपथ घ्यावयाची, एकमेकांच्या शेतांवर जाऊन पाहणी करावयाची, आणि गटाच्या सभेंत कोण पात्र व कोण अपात्र हें ठरवावयाचें. हा निर्णय प्रादेशिक परिषद पाहते व मान्य झाल्यावर दाखला मिळतो. रूपांतराच्या काळांतील मालास 'पी. जी. एस. ग्रीन' आणि काळ पुरा झाल्यावर 'पी. जी. एस. ऑर्गॅनिक' अशा दोन खुणा आहेत. खर्च अगदीं थोडा, कागदपत्रही बेताचे. मात्र हा दाखला देशांतल्या देशांतच चालतो. परदेशीं माल धाडावयाचा असेल तर पहिल्याच मार्गास जावें लागतें. ज्याला आपला तांदूळ व वाल पनवेल, ठाणें, पुणें या पलीकडे न्यावयाचेच नाहींत, त्याला ही उणीव जाणवण्याचें कारण नाहीं.

शेजाऱ्याची साक्ष किती विश्वासाची, असा प्रश्न सूज्ञ वाचक विचारतील. आमच्या मतें तिच्यांत मोठें बळ आहे आणि मोठें भयही आहे. बळ हें कीं, बाहेरचा निरीक्षक वर्षांतून एकदां, तोही सांगून येतो. शेजारी रोज बांधावरून जातो. कोणाच्या अंगणांत खताचें पोतें उतरलें आणि कोणाच्या पाठीवर औषधाचा पंप दिसला, हें गांवांत लपत नाहीं. भय हें कीं, दिसलें तरी बोलावें कोणीं ? गांवांत भीड असते, सोयरीक असते, भाऊबंदकीही असते. एक भिडेपोटीं गप्प राहील, दुसरा बांधाच्या जुन्या भांडणापोटीं खोटा आळ घेईल. म्हणून या पद्धतींत गटाची सभा, तिचें लिखित वृत्त आणि प्रसंगीं सभासदास वगळण्याचें धैर्य, हींच खरी प्रयोगशाळा होय. ज्या गटानें आपल्यापैकीं एखाद्यास केव्हांतरी एक वर्ष मागें ठेवलें असेल, त्या गटाचा दाखला आम्ही अधिक मोलाचा समजूं.

या पद्धतीस सरकारी साहाय्यही आहे. २०१५-१६ पासून चालू असलेल्या 'परंपरागत कृषि विकास योजनें'त शेतकऱ्यांचे समूह करून त्यांस तीन वर्षें मदत दिली जाते. अलीकडील नियमांप्रमाणें ती हेक्टरीं एकूण ३१,५०० रुपये असून त्यांपैकीं १५,००० रुपये निविष्ठांसाठीं शेतकऱ्याच्या खात्यांत जमा व्हावयाचे असतात. उरलेली रक्कम शिक्षण, दाखला व विक्रीव्यवस्था यांसाठीं आहे. हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. तेव्हां दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या हातीं तीन वर्षांत मिळून सुमारें बारा हजार रुपये येतील. एवढ्यावर कोणी श्रीमंत होणार नाहीं; पण आरंभीचा शेणखताचा व हिरवळीच्या खताचा भार हलका होईल.

गिऱ्हाइकाची स्वतःची साक्ष

तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे : पिकविणाऱ्यानें खाणाऱ्यास थेट विकावें. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१७ सालीं सेंद्रिय अन्नाचे नियम केले व ते १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें बाजारांत 'सेंद्रिय' म्हणून विकावयाच्या मालास वरील दोहोंपैकीं एक दाखला आवश्यक आहे, आणि अशा मालावर 'जैविक भारत' ही खूण असते. परंतु जो लहान उत्पादक आपला माल मधल्या व्यापाऱ्यावांचून थेट खाणाऱ्यास विकतो, त्यास या पडताळणींतून सूट आहे. प्रारंभीं ही सूट वर्षास १२ लक्ष रुपयांपर्यंतच्या उलाढालीस दिलेली होती. मात्र दाखल्यावांचून 'जैविक भारत' ही खूण त्यास वापरतां येत नाहीं.

या सवलतीचें मर्म आमच्या वाचकांनीं नीट ओळखावें. कायद्यानें येथें साक्षीदाराचें काम गिऱ्हाइकावर सोंपविलें आहे. शेतावर जाणें, पाहणें, विचारणें आणि वर्षानुवर्षें त्याच माणसाकडून घेणें, हीच येथली तपासणी. ज्या घरांत अजूनही वर्षाचा तांदूळ एकदम भरण्याची चाल आहे, त्यांस हें मुळींच कठीण नाहीं. हिशेबाकरितां असें धरूं कीं, दहा माणसांच्या एकत्र कुटुंबास महिन्यास तीस किलो तांदूळ लागतो. वर्षाचे ३६० किलो झाले. शंभर किलो भातापासून सुमारें पासष्ट किलो तांदूळ निघतो असें मानलें, तर त्यासाठीं साडेपांचशें किलो भात हवें. सेंद्रिय पद्धतीनें एकरीं दहा क्विंटल भात पिकलें असें धरल्यास, एका कुटुंबाचा वर्षाचा तांदूळ म्हणजे अर्ध्या एकराहून थोडें अधिक शेत. शेतकऱ्याच्या घरचें भात बाजूस ठेवूनही दोन एकरांचा एक शेतकरी तीन कुटुंबांस सहज पुरेल. एकाच वाड्यांतील किंवा गृहसंस्थेंतील पंधरा कुटुंबांनीं मनांत आणलें, तर पांच शेतकऱ्यांच्या एका संपूर्ण गटाचा विक्रीचा प्रश्न सुटतो.

दाखला काय सांगतो व काय सांगत नाहीं

कोणताही सेंद्रिय दाखला हा पिकविण्याच्या रीतीचा दाखला आहे. त्या पिशवींतील प्रत्येक दाण्यांत विषाचा लवलेशही नाहीं, असें तो म्हणत नाहीं. तें मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंतील अवशेषांच्या परीक्षेनेंच कळतें. त्याचप्रमाणें तें धान्य अधिक चवदार किंवा अधिक पौष्टिक आहे, असेंही तो म्हणत नाहीं. दाखला देणाऱ्यांवरही देखरेख हवी. भारतांतून गेलेल्या तिळांत इथिलीन ऑक्साइड या द्रव्याचे अंश सांपडल्यावर युरोपीय संघानें २०२१ च्या अखेरीस भारतांतील कांहीं प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढून घेतली होती. ज्या हजारों शेतकऱ्यांचे दाखले त्या संस्थांचे होते, त्यांपैकीं बहुतेकांचा त्यांत कांहींच दोष नव्हता. तरी त्यांच्या मालाची वाट अडली.

निरनिराळ्या खुणांचा गोंधळही टाळला पाहिजे. अलिबागचा पांढरा कांदा व कोंकणचा हापूस यांस मिळालेलें 'भौगोलिक मानांकन' हें माल कोठला आहे तें सांगतें. तो कसा पिकविला तें सांगत नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेलें 'नैसर्गिक शेतीचें राष्ट्रीय अभियान' हें सेंद्रिय शेतीशीं जवळचें असलें तरी त्याचे नियम वेगळे आहेत. बाहेरून विकत आणलेल्या निविष्ठांवर न विसंबतां घरच्या गाईचें शेण-गोमूत्र व शेतांतला पाला यांवर भागवावें, हा त्याचा रोख आहे. जेथें रसायनें पूर्वींपासूनच पोहोंचलीं नाहींत अशा प्रदेशास एकदम दाखला देण्याचीही एक सोय असून ती २०२१ सालीं प्रथम अंदमान-निकोबारमधील कांहीं बेटांस मिळाली. सिक्कीम हें सगळें राज्यच जानेवारी २०१६ मध्यें सेंद्रिय म्हणून जाहीर झालें. परंतु महामार्ग, कारखाने व शहर यांच्या मिठींत सांपडलेल्या पनवेल तालुक्यास हीं उदाहरणें लागू पडणार नाहींत.

कुटुंबांनीं काय करावें ?

प्रथम, दाखला वाचावयास शिकावें. पिशवीवरील दाखल्याचा क्रमांक, गटाचें नांव, वर्ष आणि पिकाचें नांव पाहावें. दाखल्यावर क्षेत्रही नोंदलेलें असतें. एक एकराचा दाखला दाखवून कोणी शंभर क्विंटल तांदूळ विकत असेल, तर साधा त्रैराशिकाचा नियम जाणणाऱ्या आपल्या घरांतील मुलासही त्यांतली लबाडी सांपडेल. पी. जी. एस. गटांची नोंद सरकारी संकेतस्थळावर पाहतां येते.

दुसरें, ज्यांची कोंकणांत वडिलोपार्जित जमीन आहे व ती दुसऱ्याच्या हातून कसली जाते, त्यांनीं एका नाजूक गोष्टीचा विचार करावा. १९४८ च्या कुळकायद्याच्या आठवणीनें अनेक कुटुंबें कसणाऱ्यास कांहींच लेखी देत नाहींत. कायद्याची धास्ती समजण्यासारखी आहे; पण परिणाम असा होतो कीं, पुढल्या वर्षीं हें शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं, तो तीन वर्षें जमीन सुधारण्यांत कां घालवील ? आणि कागद नसला तर तो गटांत तरी काय दाखवील ? वकिलाच्या सल्ल्यानें, दोहोंचें हित राखून, ठराविक मुदतीचा लेख करून देणें हें अशा मालकांचें कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. पनवेल तालुक्यांतील जमिनीस आज जो भाव सांगितला जातो, तो तिच्यांत काय पिकतें यावरून ठरत नाहीं. अशा वेळीं शेत राखणाऱ्या माणसास आपण काय सांगतों ? रसायनें सोडा, पहिलीं दोन-तीन वर्षें उत्पन्न घटलें तरी सोसा, आणि तेवढ्या काळांत माल मात्र साध्या भावानेंच विका. मग दाखला झाला म्हणजे आम्ही चढा भाव देऊं. हा सौदा न्यायाचा नाहीं. आपली साक्ष जेथें सर्वांत उपयोगी पडेल, तेथेंच आपण ती देण्याचें टाळतों. पूर्ण दाखला मिळालेल्यास गिऱ्हाईक पुष्कळ. गिऱ्हाईक हवें असतें तें मधल्या वर्षांत.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, ज्या कुटुंबांस हें परवडेल त्यांनीं रूपांतराच्या काळांतील, म्हणजे 'ग्रीन' खुणेचा तांदूळ व वाल हेतुपूर्वक घ्यावे, भाव पूर्ण सेंद्रिय मालाच्या जवळपास द्यावा, आणि पावसाळ्याच्या आरंभींच वर्षाची मागणी नोंदवून थोडी रक्कम आगाऊ द्यावी. पेरणीपूर्वीं हातीं आलेला रुपया सुगीनंतरच्या दीड रुपयाच्या तोडीचा असतो, हें शेतकऱ्याच्या घरीं कोणासही विचारावें. लावणीच्या सुमारास घरांतील दोघां-तिघांनीं शेतावर एक फेरी मारावी, गटाच्या सभेचें वृत्त वाचावें, आणि शंका आली तर ती तेथेंच बोलून दाखवावी. सरकारी शिक्का, शेजाऱ्यांचा निर्णय आणि खाणाऱ्यांची नजर, या तिन्ही साक्षी जेथें जुळतील, तेथें लबाडीस जागा फार थोडी उरेल ; आणि दोन एकरांच्या मालकास आपलें शेत विकण्याऐवजीं त्यांतलें भात विकून राहतां येईल.